बेल्ट लावूनही कंटेनरमधली कास्टिंगची पॅलेटं सरकतात, काय करावं?

गोशिमा_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. गिअरबॉक्सची हाउसिंग, मशीनिंग पूर्ण करून, न्हावा शेवावरून जर्मनीला जातात. २० फुटी कंटेनर ट्रेलरवर रिकामा येतो, आमच्याच आवारात भरतो आणि सीलही इथंच लागतं.

मागच्या कंटेनरचे ग्राहकाने दार उघडल्यावर काढलेले फोटो आले आहेत. मागची पॅलेटं पुढच्यांवर जाऊन आदळलीत, दोन हाउसिंगच्या मशीन केलेल्या फेसचे कोपरे उडालेत, कंटेनरची पुढची भिंत बाहेर फुगलीय. दोन बेल्ट तुटलेत आणि बाकीचे बहुतेक सैल लोंबतायत. ट्रान्सपोर्टर म्हणतो रस्ता खराब. फॉरवर्डर, म्हणजे जहाजाचं बुकिंग बघणारा एजंट, म्हणतो पॅकिंग तुमचं. इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणतो की आतली रचनासुद्धा पॅकिंगमध्येच धरतात, त्यामुळे क्लेम अवघड आहे.

आम्ही असं भरतो: १०५० बाय १०५० ची लाकडी पॅलेटं, एकेक साधारण १.८ टनाचं, एकूण दहा. दोन-दोनच्या पाच ओळी. तीन ओळी पुढच्या भिंतीला लावून, दोन ओळी दाराला लावून आणि मध्ये साधारण ६० सेंटीमीटर मोकळी जागा, म्हणजे वजन पुढं-मागं सारखं राहतं. प्रत्येक पॅलेटवरून दोन रॅचेट बेल्ट, फरशीजवळच्या कड्यांना अडकवून. बेल्टवर ५००० लिहिलंय, म्हणजे पाच टन ना? १.८ टनाला दोन बेल्ट म्हणजे भरपूर झाले असं आम्हाला वाटतं. आमचे मॅनेजरसाहेब तर म्हणतात, एवढा जड माल हलतोच कसा, गाडीच कुठं तरी ठोकली असणार.

या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा. पुढचा कंटेनर लवकरच आहे.

पिंपरी_पार्ट्स

एअरबॅग वापरा. क्राफ्ट पेपरच्या फुगवायच्या पिशव्या मिळतात, मधल्या जागेत टाकून हवा भरायची. आमचे खोक्यांचे कंटेनर असेच जातात, कधी तक्रार नाही.

उरण_लॅशिंग

दादा, माझं काम हेच आहे. उरण भागातल्या यार्डांमध्ये कंटेनर भरणं आणि लॅशिंग, म्हणजे आतला माल बांधणं. कास्टिंग, कॉइल, मशिनरी, ड्रम सगळं हाताखालून जातं. तुम्ही मापं आणि वजनं नीट दिलीत म्हणून उत्तरही मापातच देता येईल.

मॅनेजरसाहेबांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो समज जवळजवळ प्रत्येक कारखान्यात भेटतो. माल जड आहे म्हणून तो जागेवर बसतो, हे खरं नाही. जड मालाला फरशीचं घर्षण जास्त मिळतं, बरोबर. पण ब्रेक लागल्यावर त्याला पुढं ढकलणारा जोरही त्याच पटीत वाढतो. वजन दोन्ही बाजूंनी कटतं आणि उरतो फक्त पॅलेटचा तळ आणि फरशी यांचा संबंध. त्याच फरशीवर पन्नास किलोचं खोकं असो की १.८ टनाचं पॅलेट, दोन्ही एकाच ब्रेकला सुटतात. गाडी ठोकायची गरजच नाही. कुत्रं आडवं आलं म्हणून मारलेला ब्रेक पुरतो.

आता आकडे. कंटेनर कसा भरावा याचा सीटीयू कोड म्हणून एक दस्तऐवज आहे. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना), आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युरोपचा संयुक्त राष्ट्र आर्थिक आयोग या तिघांनी मिळून तो २०१४ मध्ये काढला. त्यात रस्त्यावरच्या प्रवासासाठी पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरायला सांगितलाय, बाजूला आणि मागच्या दिशेनं ०.५ पट. स्वच्छ प्लायच्या फरशीवर लाकूड असेल तर घर्षण वजनाच्या ०.४५ पट धरता येतं. पण फरशी झाडलेली नसेल तर ०.३ च्या वर जायचं नाही.

तुमच्या आवारात कंटेनर भरताना एकदा वाकून फरशी बघा. फोर्कलिफ्टच्या टायरबरोबर काय काय आत येतं? साच्याची बारीक वाळू, गंज लागू नये म्हणून मारलेल्या तेलाचे थेंब, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शॉटब्लास्टिंगचे, कास्टिंग साफ करायला मारतात ते, छर्रे. ते छर्रे पॅलेटच्या तळाखाली गेले की तुमचं लाकूड प्लायवर टेकलेलंच नसतं, गोळ्यांवर उभं असतं. फाउंड्रीच्या कंटेनरला मी ०.३ सुद्धा बिचकतच धरतो. तुमचा पहिला खर्च झाडूचा, आणि कंटेनरच्या दारात फोर्कलिफ्टची चाकं पुसायला एका माणसाचा.

हे दोन आकडे एकत्र ठेवा. ०.८ चा जोर, त्यातले ०.३ घर्षणाने पेलले. उरले ०.५. म्हणजे १८ टन मालातले ९ टन दुसऱ्या कशाने तरी अडवायला हवेत. तुमच्याकडे ते काम बेल्टांवर सोडलं होतं.

बेल्टचं म्हणाल तर तो ५००० चा आकडा सगळ्यांनाच फसवतो. लेबल नीट वाचा. एलसी २५०० डीएएन असं असेल, आणि बेल्ट मालाभोवती दुहेरी फिरवला तर ५०००. एक डीएएन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजनाइतका जोर. हा आकडा बेल्ट किती ओढ सहन करेल ते सांगतो. पण तुम्ही बेल्ट मालावरून टाकून खाली ताणता, तेव्हा तो मालाला ओढून धरत नाही, फक्त फरशीवर दाबतो. किती दाबतो हे त्याच लेबलवर दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं असतं: एसटीएफ. हाताने नेहमीच्या जोराने रॅचेट मारल्यावर बेल्टमध्ये जो ताण राहतो तो. नेहमीच्या ५० मिलीमीटरच्या रॅचेटला तो ३००-४०० च्या आसपास असतो. पाच हजार आणि चारशे, एवढा फरक.

४०० धरून, बेल्ट दोन्ही बाजूंना सरळ खाली उतरतोय असं मानून आणि सुरक्षेचा १.२५ गुणक घालून तुमच्या एका पॅलेटचा हिशोब केला. घर्षण ०.३ असेल तर पाच बेल्ट लागतात. फरशी स्वच्छ असेल, ०.४५, तर तीन. पॅलेटखाली घर्षण वाढवणारी रबर मॅट टाकली, ०.६, तर हिशोबात एक पुरतो, पण एकावर कधीच भागवू नका, दोन लावायचेच. तुम्ही घाणेरड्या फरशीवर दोन लावले होते. आणि समजा पाच लावायचे ठरवलं, तर एक मीटरच्या पॅलेटवर पाच बेल्ट बसवणार कुठे आणि तेवढी कडी आणणार कुठून? म्हणून "अजून बेल्ट मारा" हे उत्तर कास्टिंगला चालत नाही.

आता मधली ६० सेंटीमीटरची जागा. तुमच्या मालाचा घात तिनं केलाय. जोरात ब्रेक लागला, पुढं ढकलणारा जोर वजनाच्या ०.७ पट झाला, घर्षण ०.३, म्हणजे पॅलेट ०.४ च्या फरकाने पुढं निघालं. ६० सेंटीमीटर मोकळं धावून ते पुढच्यावर आदळतं तेव्हाचा धक्का साधारण २४ सेंटीमीटर उंचीवरून खाली टाकल्याएवढा असतो. १.८ टनाचं पॅलेट वीतभर उचलून दुसऱ्यावर सोडून द्यायचं, तसं. आणि एक नव्हे, मागची चारही, ७.२ टन एकाच वेळी. तीच जागा शून्य असती तर तेच वजन नुसतं टेकून ढकललं असतं. ढकलणं भिंत सोसते, आदळणं सोसत नाही.

भिंतीचंही सांगतो. कंटेनरच्या पुढच्या भिंतीची चाचणी त्याच्या भारक्षमतेच्या ०.४ पट जोराने घेतलेली असते, बाजूच्या भिंतींची ०.६ पट. २० फुटीची भारक्षमता २८ टनांच्या आसपास, म्हणजे पुढची भिंत साधारण ११ टन पेलते. वर आपण ९ काढले. बसतंय. पण ते ११ टन पूर्ण भिंतीवर सारखे पसरलेले, आणि सावकाश आलेले. पॅलेटच्या दोन कोपऱ्यांनी पत्र्याला टोचलं तर तो फुगणारच. तुमच्या फोटोत तेच झालंय.

तर भरायचं कसं. मध्ये जागा सोडायचं कारण तुम्ही वजनाचं दिलंत, आणि कारण रास्त आहे, पण तुमच्या मापाला त्याची गरज नाही. नियम असा की कंटेनरच्या कुठल्याही अर्ध्या भागात ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन येऊ नये. आतली लांबी ५.९ मीटर. पाच ओळींचे ५.२५. पुढच्या भिंतीला चार इंची चौरस लाकूड आडवं टाका, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पॅलेटच्या तळाच्या उंचीला. त्याला चिकटवून पाचही ओळी एकामागून एक, फटीशिवाय. पुढच्या अर्ध्या भागात साधारण ५५ टक्के वजन येतं. बसलं नियमात. सगळी मोकळी जागा आता दाराकडे गेली, साधारण ५५ सेंटीमीटर.

दाराकडची जागा रिकामी सोडायची नाही आणि दाराच्या पल्ल्यांवरही भार टाकायचा नाही. दाराजवळच्या दोन्ही कोपऱ्यांच्या खांबांना आतून उभी खाच असते, ती तुम्ही रोज बघता पण कुणी वापरत नाही. त्या खाचेत जाड फळ्या आडव्या बसवायच्या, आणि फळी ते शेवटच्या ओळीचा तळ यांच्यामध्ये लाकडी टेकू, घट्ट, पाचर मारून. टेकू सरळ रेषेत हवेत, आणि एकमेकांना पट्टीने जोडलेले, नाहीतर आडवे पडतात. लाकूड जागेवर राहावं म्हणून खिळे मारा, पण भार खिळ्यांवर ठेवू नका. भार लाकडातून खांबाला गेला पाहिजे. घाट चढताना आणि बंदरावर ट्रेलरला झटके बसतात तेव्हा मागच्या दिशेचा जोर हाच टेकू घेतो.

बाजूला तुमच्याकडे २५ सेंटीमीटर उरतात. पॅलेटं दोन्ही भिंतींना लावा, फट मध्ये घ्या आणि तिथं शिडीसारखा लाकडी सांगाडा घट्ट बसवा. याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, कारण रस्त्यावर बाजूचा धक्का कमी असतो. पण तुमचा माल समुद्रानं जातोय. खवळलेल्या समुद्रासाठी हाच कोड बाजूच्या दिशेनं ०.८ धरायला सांगतो, आणि जहाज एकदा डोलायला लागलं की तोच धक्का तासन् तास, शेकडो वेळा बसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर युरोपची कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपजवळ, समुद्र कसा असतो ते खलाशांना विचारा.

इतकं झालं की मग बेल्ट. पॅलेट उसळू नये म्हणून दोन. क्रम लक्षात घ्या: आधी फरशी, मग लाकूड, शेवटी बेल्ट. आपल्याकडे सगळे शेवटाकडून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात.

पिंपरीच्या मित्रासाठी: एअरबॅग चांगली वस्तू आहे, खोक्यांना आणि ड्रमांना मी स्वतः लावतो. कास्टिंगला नको. एक तर टोकदार कडा, आणि दुसरं म्हणजे एवढ्या वजनाला ती दाबली जाते, फुटते, आणि फुटली की पुन्हा तीच मोकळी जागा तयार.

सर्व्हेअर तुम्हाला जे म्हणाला ते दुर्दैवाने बरोबर आहे. मालाच्या विम्याच्या नेहमीच्या अटींमध्ये, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसच्या 'ए' प्रकारातही, अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलंय, आणि कंटेनरमधली रचना तुम्ही स्वतः केली असेल तर तिलाही पॅकिंगच समजतात. म्हणजे तुमच्या आवारात भरलेल्या कंटेनरची जबाबदारी तुमच्या आवारातच राहते.

बारा_चाकी

राम राम. मी ड्रायव्हर. कोल्हापूर-जेएनपीटी (न्हावा शेवा बंदर) लाइनला ट्रेलर चालवतो. उरणच्या दादांनी सगळं सांगितलंय, मी फक्त केबिनमधून काय कळतं ते सांगतो.

माल सुटला की ब्रेकला गाडी दोन धक्के देते. पहिला ब्रेकचा, आणि मग एका श्वासाएवढ्या अंतरानं दुसरा, पाठीमागून, मालाचा. तो दुसरा धक्का एकदा बसला की पुढचा सगळा रस्ता माणूस धास्तीत चालवतो. खंबाटकी उतरताना, नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडं येताना, खंडाळ्यात, प्रत्येक उतारावर कान मागं. आणि करता काहीच येत नाही. उघड्या गाडीत माल असला तर आम्ही ढाब्यावर उतरतो, ताडपत्री उचलून दोर तपासतो, सैल झाला असेल तर पुन्हा आवळतो. कंटेनरला सील असतं. सील तोडलं तर आमच्यावर चोरीचा आळ.

माल एका अंगाला गेला तर वळणावर ट्रेलर तिकडंच झुकतो आणि सरळ व्हायला वेळ लावतो. हळू चालवलं तर पार्टी फोन करते, बंदराची वेळ गाठायची आहे म्हणून. नुकसान झालं की पहिलं नाव ड्रायव्हरचं.

माझी सगळ्या कारखानेवाल्यांना विनंती आहे, दार लावायच्या आधी ड्रायव्हरला बोलवा. पाच मिनिटं लागतात. आत काय आहे, किती जड आहे, कुठं टेकू दिलाय, बघू द्या. मोबाइलवर एक फोटो द्या. बऱ्याच ठिकाणी आम्हाला गेटबाहेर उभं करतात आणि बिल्टी हातात देऊन निघा म्हणतात. आमच्या पाठीमागं १८ टन लोखंड आहे, ते कसं ठेवलंय हे बघायचा हक्क आम्हाला असायला हवा.

गोशिमा_डिस्पॅच

उरणचे दादा, खूप खूप आभार. तुमचं उत्तर प्रिंट काढून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. वीतभर उंचीचा हिशोब त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितला आणि मग लगेच सुताराला बोलावलं.

बारा चाकीवाले भाऊ, आमच्या गेटवरही ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. सिक्युरिटीशी आजच बोललो. यापुढे सील लावताना ड्रायव्हर आत असेल.

तीन शंका राहिल्यात. रबर मॅटऐवजी जुन्या टायरचे किंवा कन्व्हेयर बेल्टचे तुकडे चालतील का? आमच्याकडे भरपूर पडलेत. टेकूसाठी आवारातलंच लाकूड वापरू का, जुन्या पॅटर्नचं (साचा करायच्या नमुन्यांचं) आणि क्रेटचं आहे? आणि पॅलेट ठेवताना त्याच्या खालच्या पट्ट्या लांबीच्या दिशेनं हव्यात की आडव्या? आमचा फोर्कलिफ्टवाला सोयीप्रमाणे ठेवतो.

उरण_लॅशिंग

टायरचे तुकडे अजिबात नकोत. टायर दबतो आणि परत उसळतो, पॅलेट त्यावर नाचत राहतं, आणि नाचणाऱ्या मालाचा बेल्ट तासाभरात सैल होतो. कन्व्हेयरचा तुकडा दिसायला बरोबर वाटतो, पण वरून गुळगुळीत झालेला असतो आणि तुमच्याकडचा तेल प्यायलेला असणार. मी सांगतोय ती मॅट रबराचे दाणे दाबून केलेली असते, काही मिलीमीटर जाडीची. विकत घ्या, महाग नाही. पॅलेटच्या प्रत्येक पायाखाली आली पाहिजे. एक पाय जरी उघडा प्लायवर टेकला तर ०.६ धरता येत नाही.

लाकडाच्या बाबतीत फार सांभाळा. निर्यातीच्या कंटेनरमध्ये फक्त पॅलेटच नाही, टेकूचं, पाचरीचं, सगळं घन लाकूड आयएसपीएम १५ प्रमाणे, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, प्रक्रिया केलेलं लागतं. उष्णता देऊन करायचं तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची खूण आणि एचटी (उष्णता दिलेलं) असा शिक्का असतो. तुमच्या आवारातल्या जुन्या क्रेटच्या लाकडावर तो नसणार. तिकडच्या बंदरात एक बिनशिक्क्याचा गुटका सापडला तरी सगळा कंटेनर अडकतो. शिक्का असलेलं लाकूड कापलंत तर तुकड्यांवर शिक्का राहत नाही, तेव्हा प्रक्रिया करणाऱ्याकडूनच मापात कापून, प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारून आणा. ओलं लाकूडही नको. बंद कंटेनरमध्ये त्याचं पाणी सुटतं, छताला दव धरतं आणि मशीन केलेल्या फेसवर टपकतं.

पट्ट्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे दारापासून पुढच्या भिंतीकडे. प्लायच्या खाली कंटेनरला आडव्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा असतो. पॅलेटच्या पट्ट्या लांबीच्या दिशेनं असल्या की वजन तीन-चार आडव्या पट्ट्यांवर वाटलं जातं. आडव्या ठेवल्या तर सगळं वजन सांगाड्याच्या दोन पोलादी पट्ट्यांच्या मधल्या प्लायवर येऊ शकतं आणि फरशी बसते. फोर्कलिफ्टवाल्याची सोय कळते मला, पण मग पॅलेटच अशी बनवून घ्या की दोन्ही बाजूंनी काटे जातील.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगतो. कास्टिंग पॅलेटला कशानं धरलंय? नुसत्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं आणि स्ट्रेच रॅपनं असेल तर आपण वर केलेलं सगळं पॅलेटला लागू होतं, कास्टिंगला नाही. पॅलेट जागेवर राहील आणि हाउसिंग त्याच्यावरून घसरेल. हाउसिंगच्या बोल्टच्या भोकांतून पॅलेटला बोल्ट मारा, किंवा पॅलेटवर चारी बाजूंनी ठोकळे ठोका. बेल्ट जिथं मशीन केलेल्या कडेवरून वळतो तिथं कॉर्नर गार्ड द्या. धारदार कडेवर ताणलेला बेल्ट प्रवासात करवतीसारखा कापला जातो, तुमचे दोन तुटले ते बहुधा असेच. तुटलेल्या टोकांचे फोटो बघा. सरळ कापल्यासारखं टोक असेल तर कडेनं कापलाय, धागे पिंजल्यासारखं असेल तर ओढीनं तुटलाय. दहा टक्क्यांपेक्षा जास्त रुंदी कापली गेलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नाही, आणि गाठ मारून तर कधीच नाही.

आणि हे सगळं लाकूड, मॅट, बेल्ट धरून वजन जाहीर करा. २०१६ च्या जुलैपासून कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, व्हीजीएम, दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत, आणि त्यात टेकूंचं वजनही धरावं लागतं.

ओहायो_डिस्पॅच

मी मूळचा सांगलीचा, इथं अमेरिकेत एका ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचला आहे. आकडे वाचून बरं वाटलं, कारण इथल्या संघीय नियमातही पुढं ०.८ आणि मागं-बाजूला ०.५ हेच आहेत. शिवाय इथं सगळ्या बांधणीची मिळून कामाची क्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी. पोलीस रस्त्यावर थांबवून बेल्टचं लेबल वाचतात. लेबल फाटलेलं असेल तर वाद सुरू.

ड्रायव्हर भाऊंनी लिहिलं त्यावरून: इथं ड्रायव्हरला पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, थांबून माल तपासावाच लागतो, आणि नंतर दर १५० मैलांना किंवा तीन तासांनी. सील असलेल्या गाडीला आणि उघडू नका असा हुकूम असेल तर यातून सूट आहे. म्हणजे इथंही सीलच्या आतलं जे काही आहे ते भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

इथल्या ५३ फुटी बंद ट्रेलरमध्ये दोन भिंतींमध्ये अडकवायचे लोड बार सगळीकडे मिळतात. हलक्या खोक्यांना ठीक आहेत. पण कास्टिंगला कुणी त्या भरवशावर सोडलं की मी गाडी हलू देत नाही.

गोशिमा_डिस्पॅच

शिक्क्याचं लाकूड मागवलंय, मापं देऊन. तुटलेल्या बेल्टांचे फोटो पुन्हा मोठे करून बघितले. दोन्ही टोकं सरळ कापलेली आहेत.

एकच शेवटचं. ग्राहकाच्या गोदामातल्या माणसाला दार उघडताना काही सांगायला हवं का? या वेळी नशिबाने त्याला काही झालं नाही, पण एक बेल्ट दाराकडे ताणलेला होता असं त्यांनी कळवलंय.

उरण_लॅशिंग

हवंच. आणि हा प्रश्न विचारलात म्हणून तुमच्या पुढच्या कंटेनरची मला काळजी वाटत नाही. दार उघडणारा माणूस नेहमी पल्ल्याच्या अगदी समोर उभा असतो, आत काय सरकलंय ते त्याला दिसत नाही. खांबांच्या खाचेतल्या फळ्या त्याच्यासाठीही आहेत. वरच्या उंचीला अजून एक फळी बसवा, म्हणजे काही कललं तरी दारावर येणार नाही. फळीवर जाड मार्करने लिहा, आधी उजवा पल्ला थोडा उघडून आत बघा, मग टेकू काढा, बेल्ट सगळ्यात शेवटी. जर्मनमध्ये लिहून घ्या, ग्राहकालाच विचारा ते कसं लिहायचं. आतल्या रचनेचं एक साधं चित्र कागदपत्रांबरोबर मेलनं पाठवा.

सील लावण्याआधीचे फोटो असे काढा: रिकाम्या कंटेनरची झाडलेली फरशी, पुढचं आडवं लाकूड पॅलेट लागण्याआधी, मधला सांगाडा, लाकडावरचे शिक्के, दाराकडचे टेकू, आणि एक फोटो ज्यात दारावरचा कंटेनर नंबर आणि आतला माल दोन्ही येतील. पुढं क्लेमची वेळ आली तर सर्व्हेअरला दाखवायला हेच लागतं.

गोशिमा_डिस्पॅच

मंगळवारी भरतोय. फोटो इथंच टाकतो, चूक दिसली तर गाडी निघायच्या आत सांगा.

उरण_लॅशिंग

टाका. मंगळवारी दुपारी दोननंतर मी यार्डाबाहेर असतो, लगेच बघेन. खालच्या टेकूंचे फोटो गुडघ्यावर बसून, फ्लॅश लावून काढा. उभ्यानं काढलेल्या फोटोत पाचर घट्ट आहे की नाही ते कळत नाही.